न पाहिलेल्याचा निवाडा

सज्जनहो, एखाद्या संतचरित्रावर नवा बोलपट येणार अशी बातमी आली, की फडावर, दिंडीत, पारावर एकच विषय निघतो. "महाराज, कसा होईल हो? टीकाकार काय म्हणतील?" हल्ली तर मोबाईलवर दोन मिनिटांची झलक येते आणि तेवढ्यावर निकाल लागतो. कोणी म्हणतो, "आमचे तुकोबा हा नट काय दाखवणार!" दुसरा म्हणतो, "असा बोलपट आजवर झालाच नाही!" दोघांचे भांडण; पण पाहिलेला दोघांनीही नाही.

वाट पाहण्यात दोष नाही. वर्षभर आषाढीकडे डोळे लावून बसणाऱ्या वारकऱ्याला तो कोणी सांगावा? प्रश्न निराळा आहे. जे पाहिले नाही, त्याचा निवाडा देण्याचा अधिकार कोणाला?

शास्त्र म्हणते, ज्ञानाला प्रमाण लागते. प्रत्यक्ष तर अजून झालेलेच नाही. मग उरले अनुमान. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे अनुमान खरे. कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती ठरलेली आहे. पण जिथे मोठा नट तिथे उत्तम बोलपट, अशी व्याप्ती आहे काय? नाही बुवा!

प्रभात कंपनीचाच दाखला घ्या. १९३५ साली तिने नाथमहाराजांवर 'धर्मात्मा' काढला. नाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व! रंगभूमीवर ज्यांच्या नावावर लोक जीव टाकीत, ते पडद्यावर येणार म्हटल्यावर अपेक्षेला काय तोटा? तरी बालगंधर्व आणि प्रभात यांचे नाते त्या एका बोलपटावरच थांबले. पुढच्याच वर्षी दामले आणि फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. तेही नाटकांत स्त्रीभूमिका करणारे. हा माणूस देहूचा वाणी कसा शोभणार, अशी शंका घेणारे होते. पण १९३६ च्या डिसेंबरात बोलपट लागला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पुढे कित्येक घरांत तुकोबा म्हणून पागनीसांचेच रूप तसबिरीत बसले. सांगा, आधीच्या अंदाजांचे काय झाले?

आता तिसरे प्रमाण शब्द. म्हणजे टीकाकाराचे मत. पण शब्द कोणाचा? आप्ताचा. वस्तू जशी आहे तशी ज्याने जाणली आणि जाणली तशी जो सांगतो, तो आप्त. ज्याने पाहिलेच नाही तो कितीही विद्वान असो, त्या वस्तूपुरता आप्त नव्हे. आणि पाहणाऱ्या जाणत्याचीही फसगत होते, बरे का. त्याच बोलपटात बीज आणि वृक्षाचा दृष्टांत देणारे एक पद आहे. ते लिहिले शांताराम आठवले यांनी. पण भल्या भल्या जाणकारांना ते तुकोबांच्या गाथेतलेच वाटले. म्हणून टीका ऐकावी, पण आपली बुद्धी गहाण टाकू नये.

हा विषय आजचा नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या आरंभीच पारिपार्श्वक सूत्रधाराला विचारतो, भासासारखे नामांकित कवी असता या हयात असलेल्या कवीचे नाटक का? सूत्रधाराच्या उत्तराचा भाव असा की जुनेपणा हा गुण नव्हे, नवेपणा हा दोष नव्हे. शहाण्याने पारखून घ्यावे. कालिदासालाही ही वकिली करावी लागली, तिथे आजच्या दिग्दर्शकाची काय कथा?

आता कोणी म्हणेल, "महाराज, उद्या संतांची विटंबना झाली, तर काय गप्प बसायचे?" मुळीच नाही. पाहावे, गाथा हाती घेऊन ताडून पाहावे आणि चुकले असेल ते नेमके कुठे चुकले ते खणखणीत सांगावे. असे बोलणे निंदा नव्हे, सेवाच आहे. ज्याला पाहायचेच नाही त्याने पाहू नये. त्यात कमीपणा नाही. पण मग निवाडाही देऊ नये.

आणि हे आपण विसरावे, हे तर मुळीच शोभत नाही. परंपरा सांगते, तुकोबांची कीर्ती रामेश्वर भटांच्या कानी आली आणि तेवढ्यावर त्यांचे मन फिरले. शूद्राच्या मुखी वेदार्थ, हे पटेना. निवाडा आधी झाला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. पुढे तेच रामेश्वर भट तुकोबांचे भक्त झाले. जवळ गेले, अनुभव घेतला, तेव्हा झाले. दुरून दिलेल्या निवाड्याचा घाव आपल्याच घराण्याने सोसला आहे. तो घाव आपण दुसऱ्यावर घालावा काय?

संतांचे मोठेपण बोलपटाच्या यशाने वाढत नाही, अपयशाने घटत नाही. त्यांच्या नावाने आपण खोटे बोललो, तर मात्र उणेपणा आपल्याला येतो. आणि न पाहता 'मला ठाऊक आहे' म्हणणे हे खोटेच. तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारले, "कसा होईल हो?", तर सरळ म्हणावे, "येऊ द्या, पाहू, मग बोलू." एवढे म्हणायलाही मनाचा निग्रह लागतो. तो साधला तर बोलपट कसाही निघो, आपले काम झाले.

रामकृष्णहरि.