उष्णता जाते कोठे?

सुखसाधनात बिघाड झाला म्हणजे मनुष्याची दृष्टी प्रथम त्या साधनाकडे वळते. ते ज्या परिस्थितीत ठेविले आहे तिच्याकडे ती सहसा जात नाही. ही सवय वरवर पाहता निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. आपल्या सुखाबरोबर जो त्रास उत्पन्न होतो, तो आपण कोणाच्या दारी नेऊन टाकतो? एका साध्या यंत्राच्या दुखण्यावरून या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ते यंत्र म्हणजे घरात वाईन साठविण्याचे शीतकपाट. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय कुटुंबात एके काळी त्याचे नावही कोणी काढले नसते. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत नाशिक जिल्ह्यात वाईनच्या धंद्याने चांगले मूळ धरले आहे, आणि परळ-लालबागच्या उंच इमारतींतील काही दिवाणखान्यांत अशी कपाटे आली आहेत. मद्यपान योग्य की अयोग्य, हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. वाईन 12 ते 14 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे एकाच तापमानात, राहावी लागते, एवढेच येथे प्रस्तुत आहे. उष्म्याने ती अकाली जुनी होते; तापमानाच्या चढउतारांनी बाटलीतील द्रव फुगतो-आकसतो व बुचावाटे हवा आत शिरते.

तक्रार बहुधा एकच असते. 12 अंश लावले असता आत 18 किंवा 20 अंश भरतात, आणि यंत्र रात्रंदिवस घरघरत राहते. मालक तत्काळ निदान करतो की गॅस संपला. अनुभवी मेकॅनिक मात्र गॅसपासून आरंभ करीत नाही. तो आत पाण्याचा पेला ठेवून त्यात तापमापक बुडवितो, कारण दार उघडताच हवेचा आकडा बदलतो, पाण्याचा तितक्या लवकर बदलत नाही. दारात कागदाचा कपटा धरून तो दार लावतो. कपटा सहज निसटला तर दाराचे रबर सैल झाले असे समजतो. मागच्या जाळीवरील व पंख्यावरील धूळ तो झाडतो. नंतर तो यंत्राच्या पाठीवरील पट्टी वाचतो. तीवर 'एन' हे अक्षर असेल, तर ते यंत्र 16 ते 32 अंशांच्या खोलीसाठी घडविलेले असते. 'टी' असेल तर ते 43 अंशांपर्यंत टिकाव धरते. ज्यात कॉम्प्रेसर नसतो, अशी लहान कपाटे खोलीपेक्षा सुमारे 15-20 अंशच खाली जाऊ शकतात. मुंबईच्या वैशाखात त्यांनी 12 अंश राखावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आणि पुष्कळदा असे आढळते की यापैकी कोणताच दोष नसतो. शोभेसाठी सुताराकडून ते कपाट तिन्ही बाजूंनी लाकडात बंद करून घेतलेले असते. ज्या यंत्राची उष्णता पाठीमागून बाहेर पडते, त्याच्या पाठीशी भिंत व डोक्यावर फळी! स्वतःच बाहेर टाकलेल्या उष्म्यात ते गुदमरते. ते बाहेर ओढून भोवती वीतभर जागा मोकळी ठेविली, की एकही सुटा भाग न बदलता ते पूर्ववत चालू लागते.

यातील तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच शास्त्रज्ञांनी मांडून ठेविले आहे. उष्णता आपण होऊन थंड वस्तूकडून ऊन वस्तूकडे जात नाही. तिला तसे न्यावयाचे तर श्रम खर्च करावे लागतात. म्हणून शीतकपाट थंडावा निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते, आणि त्या कामी खर्चलेल्या विजेची उष्णताही तीतच मिळविते. आत जेवढे निवते, त्याहून बाहेर अधिक तापते. फ्रिजचे दार उघडे ठेवून खोली गार करू पाहणाऱ्यास हा हिशेब लवकरच कळतो.

आता हा हिशेब घराबाहेर मांडून पाहा. गिरगावच्या चाळीत गॅलरी सर्वांची असते. एका बिऱ्हाडाने वातानुकूल यंत्राचा बाहेरचा भाग तिथे बसविला, तर आतला थंडावा एकाचा आणि गॅलरीतील झळ शेजाऱ्याची. गिरणगावाने हा प्रकार फार पूर्वी पाहिला आहे. 1854 साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढे परळ-लालबाग गिरण्यांनी भरून गेले. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून विणकामाच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. सुताची प्रकृती सांभाळली जाई. कामगाराच्या घामाची चिंता सूताएवढी कोणी केली नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या व त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्या. जेथे सुतासाठी हवा राखली जात होती, तेथे आता बाटलीसाठी राखली जाते. वस्तू बदलली, उष्मा सोसणारा मनुष्य हिशेबाच्या बाहेरच राहिला.

कोणी म्हणेल, एका कपाटाची उष्णता ती किती? एकदोन जुन्या तारेच्या दिव्यांएवढी. हे खरे आहे, आणि त्यासाठी कोणी शीतकपाटाचा त्याग करावा असे आम्ही म्हणत नाही. थंडावा हवासा वाटणे हे पाप नव्हे. औषधे, दूध, लस यांचे रक्षण त्याच विद्येने होते. परंतु नैतिक दृष्ट्या उष्णतेच्या मापापेक्षा मनाची सवय अधिक महत्त्वाची आहे. उष्णतेला वाट न ठेवता केवळ थंडाव्याची अपेक्षा करणारा मनुष्य यंत्राला दोष देतो. तोच मनुष्य गॅलरीतील झळीची तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला भांडखोर ठरवितो. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. आपल्या सुखाची मागची बाजू त्याने पाहिलेली नसते.

तात्पर्य, सुखाचे कोणतेही साधन घरात आणताना त्याची किंमत व शोभा पाहिली जाते, तशी त्याची पाठही पाहिली जावी. ती भिंतीकडे असेल तर यंत्र बिघडेल. शेजाऱ्याकडे असेल तर शेजार बिघडेल. यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक मिळतो. शेजाराची दुरुस्ती मात्र ज्याची त्यालाच करावी लागते, आणि ती वेळीच केलेली बरी.