जिंकल्यानंतरचे वैर

जळगाव-भुसावळ रस्त्यावरचे नशिराबाद एकेकाळी काचेच्या बांगड्यांसाठी नावाजलेले होते. १८०१ साली हे गाव लुटले गेले. पुढे पुन्हा लुटले गेले आणि त्यामागोमाग १८०३-०४ चा मोठा दुष्काळ आला. गावावर ही पाळी आली तेव्हा खानदेशावर कोणी परक्याने स्वारी केली नव्हती. मुलखात पेशवे, शिंदे आणि होळकर अशा तिघांचे वाटे होते आणि तिघेही स्वतःला एकाच दौलतीचे म्हणवत होते. त्यातले शिंदे आणि होळकर तर वीस-बावीस वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध एकाच रणात उतरले होते आणि जिंकलेही होते. तरीही त्यांच्यातल्या भांडणाने खानदेशाची बंदोबस्ताची घडी मोडली आणि गावे उघड्यावर पडली.

जगाच्या इतिहासात हे चित्र पुन्हा पुन्हा दिसते. २५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतल्या एल्ब नदीकाठी अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक भेटले, त्यांनी गळाभेट घेतली. चार वर्षे व्हायच्या आत, ४ एप्रिल १९४९ ला, अमेरिकेने पश्चिम युरोपातल्या देशांना घेऊन सोव्हिएत संघाविरुद्ध ‘नाटो’ उभी केली आणि त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने स्वतःच्या अणुबॉम्बची चाचणी केली. मित्र एवढ्या लवकर वैरी कसे झाले, याचे उत्तर आपण बहुधा माणसांच्या स्वभावात शोधतो. स्टालिन कपटी होता, ट्रुमन ताठर होता. दौलतराव शिंदे अपरिपक्व होता, यशवंतराव होळकर सूडाने पेटला होता. मराठ्यांच्या बाबतीत तर ‘दुहीचा शाप’ एवढे दोन शब्द म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. स्वभाव आग भडकवतो हे खरे, पण जळण आधीच रचलेले असते आणि ते रचण्याचे काम बरेचदा विजयच करतो.

आपल्या घरचेच उदाहरण नीट पाहू. जानेवारी १७७९ मध्ये रघुनाथरावांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांच्या फौजांनी तिची रसद तोडली आणि माघारी फिरलेल्या फौजेला वडगावला कोंडले. १६ जानेवारीला इंग्रजांनी मान तुकवून करार केला. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने तो करार मानला नाही, युद्ध पुढे चालले आणि १७ मे १७८२ ला सालबाईच्या तहाने थांबले. त्या तहाला हमी महादजींची होती. युद्ध मराठ्यांचे होते, पण ते संपताना एका सरदाराचे वजन इतरांपेक्षा फार वाढलेले होते. मोठ्या युद्धाचा हा पहिला परिणाम. ते शत्रूला खाली आणते आणि जिंकणाऱ्यांनाही सारखे ठेवत नाही.

दुसरा परिणाम मोकळ्या पडलेल्या जागेचा. १७८२ मध्येच दिल्लीचा कर्ता सेनापती मिर्झा नजफखान वारला आणि बादशाहीला वाली उरला नाही. डिसेंबर १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक नेमले आणि त्यांच्या वतीने तो कारभार महादजींच्या हाती आला. १७८७ च्या लालसोटच्या लढाईनंतर महादजी अडचणीत आले, तेव्हा पुण्याहून तुकोजी होळकर आणि अली बहाद्दर यांना मदतीला पाठवण्यात आले. ही मदतच पुढच्या वैराचे कारण ठरली. जिंकलेल्या उत्तर हिंदुस्थानात होळकरांचा वाटा किती, हा प्रश्न निघाला. होळकर म्हणत, आम्ही बरोबरीचे. शिंदे म्हणत, खर्च आणि कर्ज आमचे, कवायती पलटणी आमच्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघांनाही मान्य होईल असा कागद कुठेच नव्हता. बांधावरून भांडण सख्ख्या भावांत होते, कारण शेताला शेत त्यांचेच लागून असते. शत्रूची जमीन मध्ये होती तोवर शिंदे-होळकरांच्या सीमा लांब होत्या. ती मध्ये राहिली नाही, तेव्हा त्या एकमेकींना भिडल्या.

१९४५ मध्ये हेच झाले. नाझी जर्मनी आणि साम्राज्यवादी जपान कोसळले आणि दोन विजेत्यांची सैन्ये बर्लिनमध्ये आणि कोरियात समोरासमोर उभी राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत याल्टाला पोलंडमधल्या निवडणुकांबद्दल जे शब्द लिहिले गेले, ते प्रत्येकाला आपल्या सोयीने वाचता येतील इतके सैल होते. युद्ध चालू असताना सैल शब्दच सोयीचे असतात. नेमका शब्द लिहायचा तर भांडण निघेल आणि भांडण निघाले तर शत्रूचे फावेल, म्हणून वाटणीचा प्रश्न पुढे ढकलला जातो.

तिसरा परिणाम शस्त्रांचा. महादजींनी द बॉयन या सेनानीकडून युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या करून घेतल्या. त्या पलटणी रजपूत आणि मोगल सरदारांशी लढण्यासाठी होत्या, पण होळकरांनी त्यांच्याकडे भीतीने पाहिले. म्हणून तुकोजींनीही ड्युड्रेनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याला ठेवून आपल्या कवायती पलटणी उभारल्या. शिंद्यांना ही तयारी आपल्याविरुद्ध वाटली. १ जून १७९३ ला लाखेरीला दोन्ही फौजांची गाठ पडली आणि होळकरांच्या पलटणी जवळजवळ नाहीशा झाल्या. वडगावनंतर चौदा वर्षांहून थोडा अधिक काळ गेला होता. एकाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली तयारी दुसऱ्याला आक्रमणाची वाटते आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. अमेरिकेचा बॉम्ब आणि पूर्व युरोपात ठाण मांडलेली सोव्हिएत फौज यांचा हिशेबही असाच होता.

कोणी म्हणेल, शिंदे-होळकरांची अढी जुनीच होती. बरोबर आहे. १७५४ च्या कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव मारला गेला आणि जयाप्पा शिंद्यांनी सूरजमल जाटाशी समेटाची भूमिका घेतली, हे मल्हारराव विसरले नाहीत. रशियात बोल्शेविक सत्तेवर आल्यावर १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यही तिथे उतरले होते, हे मॉस्कोही विसरले नव्हते. पण याचा अर्थ एवढाच की समान शत्रूने जुन्या जखमेवर पट्टी बांधली होती. पट्टी म्हणजे औषध नव्हे.

मग औषध कोणते? मध्यस्थ. दोघांनाही मान्य असणारी, दोघांपेक्षा वेगळी असणारी आणि दिलेला निवाडा अमलात आणू शकणारी सत्ता. पुणे ही तशी सत्ता व्हायला हवे होते. पण नाना फडणीस एका बाजूचे वजन कमी करण्यासाठी दुसऱ्या बाजूला हात देत राहिले. त्यात दौलत शाबूत राहिली, पण वाद मिटला नाही. पुढे काळाने घाई केली. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी, ऑगस्ट १७९५ मध्ये अहिल्याबाई, दोन वर्षांनी तुकोजी आणि मार्च १८०० मध्ये नाना गेले. एकमेकांना ओळखणारी पिढी सहा वर्षांत संपली. सप्टेंबर १७९७ मध्ये महादजींचा वारस दौलतराव शिंदे याच्या फौजेने पुण्यात तुकोजींचा मुलगा मल्हारराव होळकर याला मारले. एप्रिल १८०१ मध्ये पेशवे दुसऱ्या बाजीरावाने मल्हाररावाचा भाऊ विठोजी होळकर याला हत्तीच्या पायी दिले. न्याय करणाऱ्यानेच बाजू घेतली आणि होळकरांना दाद मागायला जागा उरली नाही. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघाचीही हीच कमतरता आहे. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार त्या युद्धातल्या विजेत्यांकडेच आहे. भांडणारेच पंच असतील तर निवाडा होत नाही.

पुढचे खानदेशाने भोगले. जुलै १८०१ मध्ये विठोजीचा भाऊ यशवंतरावाने उज्जैनला शिंद्यांचा पराभव केला, ऑक्टोबरात शिंद्यांनी इंदूरला त्याचा बदला घेतला. माळव्यातून पुण्याला जायचे तर तापीचे खोरे ओलांडावेच लागते. १८०२ मध्ये होळकरांची फौज या मुलखातून गेली. उभी पिके, गुरे, चारा, धान्याची पेवे यांतले काय उरले असेल, हे पुढच्या वर्षीच्या दुष्काळाने सांगितले. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतरावाने पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या आश्रयाचा तह करून बसला.

हिशेब पुढे सरळ आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला होते. ऑक्टोबरात बऱ्हाणपूर आणि अशीरगड इंग्रजांकडे गेले. पुढच्या वर्षी होळकर लढले, तेव्हा शिंद्यांचे हात तहाने बांधलेले होते. वडगावला ज्यांना एकत्र हरवले, त्यांनीच दोघांना एकेकटे गाठले. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेशातला आपला वाटा इंग्रजांना दिला. फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिले आणि त्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्ज या मुलखाचा कारभार पाहू लागला. त्याच्या वाट्याला आला तो ओसाड गावांचा खानदेश.

अमेरिका आणि सोव्हिएत संघ थेट लढले नाहीत, कारण अणुबॉम्बने दोघांनाही थांबवले. पण त्यांचेही वैर तिसऱ्याच्या जमिनीवर पेटले. ऑगस्ट १९४५ मध्ये दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी नकाशावर अडतिसाव्या अक्षांशाची रेघ सुचवली आणि पाच वर्षांत त्या रेघेवर कोरियाची माणसे मरू लागली. महासत्तांच्या राजधान्या शाबूत राहिल्या.

तरीही हे अटळ होते असे मी मानत नाही. नेपोलियनला हरवणारी राष्ट्रेही व्हिएन्नात वाटणीवरून हातघाईवर आली होती. ३ जानेवारी १८१५ ला ऑस्ट्रिया आणि ब्रिटन यांनी पराभूत फ्रान्सला हाताशी धरून रशिया आणि प्रशिया या आपल्याच मित्रांविरुद्ध गुप्त तह केला होता. पण त्यांनी सॅक्सनी आणि पोलंडची वाटणी बसून, नेमक्या शब्दांत केली, हरलेल्या फ्रान्सला बैठकीत जागा दिली आणि पुढेही परिषदा भरवत राहिले. क्रिमियाच्या युद्धापर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, युरोपातल्या मोठ्या सत्ता आपसांत लढल्या नाहीत. ती व्यवस्था राजेशाह्यांची होती आणि प्रजेला तिने दडपले, हे खरेच. पण बोलण्याची जागा उघडी ठेवली तर विजेत्यांचे वैर युद्धापर्यंत जात नाही, एवढे तिने दाखवून दिले.

म्हणून आपल्या मुलांना वडगाव शिकवताना लाखेरीही शिकवावी आणि लाखेरी शिकवताना नशिराबादचे नाव घ्यावे. देश एकमेकांशी हातमिळवणी करतात तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत: जिंकल्यावर वाटणी कशी होणार, वाद झाल्यास निवाडा कोण करणार आणि ज्यांच्या जमिनीवरून फौजा जाणार त्यांचे म्हणणे कोणी ऐकले आहे का? या तिन्ही प्रश्नांना लेखी उत्तर नसेल, तर ती मैत्री शत्रू उभा आहे तोवरच टिकेल आणि तिची किंमत युद्धाशी संबंध नसलेली माणसे भरतील.