सोबतीनं गप्प बसणं

जळगाव-धुळ्याकडच्या ख्रिस्ती घरात प्रार्थना म्हटली की आवाज आलाच. पेटी, ढोलकी, भजनं आणि मग एकेकाची मोठ्यानं विनवणी: मुलाची नोकरी, आईचं ऑपरेशन. त्यात वावगं काही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांचा तो वारसा आहे. पण याच मंडळींना म्हणावं, ‘वीस मिनिटं काही मागू नका, नुसते बसा.’ पाचव्या मिनिटाला खोकले सुरू होतात.

अशा मूक ध्यानाची रीत बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन यांनी विसाव्या शतकात पुन्हा रुजवली. संन्यास घेण्याआधी, १९५०च्या दशकात, क्वालालंपूरला नोकरीत असताना ते स्वामी सत्यानंदांकडे ध्यान शिकले. स्वामींनी धर्म बदलायला सांगितलं नाही. तुमच्याच श्रद्धेतला एखादा शब्द घेऊन बसा, एवढंच सांगितलं. पुढे मठात मात्र मेन यांना ते सोडायला लावलं. (आपल्या माणसांना आपलंच धन परकं वाटतं, हे कुठेही घडतं.) बऱ्याच वर्षांनी प्राचीन ख्रिस्ती साधू योहान कॅसियन यांच्या लेखनात त्यांना तीच वाट सापडली आणि १९७५पासून लंडनमध्ये लोक त्यांच्यासोबत बसू लागले. त्यांनी सुचवलेला शब्द ‘मारानाथा’, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटचा. रोज सकाळ-संध्याकाळ बसायचं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून.

मिळून कशाला? एकट्याचं मन स्वतःला सवलती फार देतं. आज पाहुणे आले, आज लाइट गेली, मे महिन्यात धुळ्यात कसलं आलंय ध्यान! शेजारी कुणी बसलेलं असलं की उठायची लाज वाटते. ही लाज मला उत्साहापेक्षा जास्त भरवशाची वाटते. धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. ते मौन नव्हतं, पण ठरलेला वार आणि समोर येऊन बसणारी माणसं काय घडवतात ते तिथं दिसलं.

मंडळी बिघडते ती मौन संपल्यावर. ‘तुम्हाला काही अनुभव आला का?’ असं कुणीतरी विचारतं आणि लगेच चढाओढ लागते. ज्याला काहीच आलं नाही तो पुढच्या आठवड्यात येत नाही. आधार द्यायचा तर हा प्रश्न गिळावा. आजारी माणसाकडे डबा पोचवावा, त्याच्या ध्यानाची चौकशी करू नये.

दुसरा धोका एका माणसाभोवती गोळा होण्याचा. टिळकांनी १९१७मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. कल्पना काळाच्या पुढची होती. १९१९मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. म्हणून बैठकीची सुरुवात-शेवट करणारी घंटा दर आठवड्याला वेगळ्या हातात द्यावी, पाळकांच्या हातात तर सर्वांत शेवटी.