टॉर्च फिरवला तर?

"सूर्य रात्री कुठे जातो?" असं चार वर्षांच्या मुलानं विचारलं की घरात साधारण दोन उत्तरं तयार असतात. आजी सांगते, दमला बिचारा, झोपायला गेला. आणि कॉलेजात शिकणारा काका सांगतो, तो कुठेच जात नाही, आपली पृथ्वीच स्वतःभोवती फिरते. पहिलं खोटं, दुसरं खरं. पण मुलाच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हींत फरक काय? दोन्ही मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं. उलट आजीचं उत्तर निदान त्याला दिसतं त्याच्याशी जुळतं. काकाच्या उत्तरासाठी त्याला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवावा लागतो, आणि पायाखालच्या जमिनीवरही.

मुलं यातून स्वतःची वाट काढतात. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रुअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना पृथ्वीबद्दल खोदून खोदून विचारलं. तो अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. 'पृथ्वी गोल आहे' हे तर मुलं सांगत होती. पण काहींच्या मते पृथ्व्या दोन होत्या: एक आकाशातली गोल, आणि एक सपाट, जिच्यावर आपण राहतो. काहींच्या मते आपण पोकळ गोळ्याच्या आत, तळाशी सपाट जमिनीवर राहत होतो. मला हा मूर्खपणा वाटत नाही. मोठ्यांचाही मान राखायचा आणि डोळ्यांचाही, म्हणून केलेली ती तडजोड आहे.

मग आपण अंधाऱ्या खोलीत चेंडू आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन बसतो. चेंडूवर टिकली लावतो, चेंडू फिरवतो. टिकली उजेडात आली की दिवस, पलीकडे गेली की रात्र. अशा वेळी एखादी मुलगी विचारते, "चेंडू तसाच ठेवून टॉर्च फिरवला तर?"

तरी तेच दिसेल. तिचं अगदी बरोबर आहे. या खेळानं दिवस-रात्र कशी होते ते कळतं, पण फिरतं कोण ते कळत नाही. अंगणात काठी रोवून सावली मोजली तरी हाच पेच. इथे "पुस्तकात दिलंय तेच लिही" म्हणून तिला गप्प केलं, तर माझ्या मते ते आजीच्या गोष्टीपेक्षा वाईट. झोपलेला सूर्य मूल मोठं झालं की आपोआप विसरतं. प्रश्न विचारला की मोठी माणसं चिडतात, हे विसरत नाही.

आणि तिची शंका काही लहानसहान नाही. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या गोष्टी मागे सरकताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराला ते पटलं नाही. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परत कसे येतील, असा त्याचा आक्षेप होता. आपल्या मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे धावते, हे कळल्यावर कुणालाही पक्ष्यांची काळजी वाटेलच.

याचं अर्धं उत्तर एसटीत मिळतं. गाडी सरळ रस्त्यावर एकसारखी धावत असताना नाणं वर उडवा, ते तुमच्याच हातात पडतं, मागच्या सीटवर नाही. म्हणजे वेग अंगाला जाणवलाच पाहिजे असं नाही. पण पृथ्वी फिरते हे यानंही सिद्ध होत नाही, आणि मुलांना तसंच सांगावं. छपराखाली उभं राहून डोळ्यांनी पाहता येईल असा लोकांसमोरचा पुरावा यायला १८५१ साल उजाडलं. पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लिऑं फुको यानं ६७ मीटर लांब तारेला जड गोळा टांगून झोके घ्यायला लावला. तासागणिक झोक्याची दिशा वळत गेली. तिला पूर्ण फेरीला तिथे सुमारे ३२ तास लागतात, पुण्याच्या अक्षांशावर ७५. असा लंबक पुण्यात 'आयुका'मध्ये आहे, दिल्लीच्या नव्या संसद भवनातही आहे.

चार वर्षांच्या मुलाला अर्थात लंबक दाखवून उपयोग नाही. त्याला 'आत्ता नाही, पण हे तपासता येतं' एवढं कळलं तरी मोठी मजल. आजीलाही गप्प करायची गरज नाही. वेधशाळेतली माणसंसुद्धा 'सूर्य उगवला'च म्हणतात. फक्त मे महिन्यात एखाद्या सकाळी सातला कॅलिफोर्नियातल्या मावशीला व्हिडिओ कॉल लावावा. तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, पण ऊन अजून असतं. तिला म्हणावं, फोन खिडकीकडे धर. इकडे आपल्या खिडकीत कोवळं ऊन, स्क्रीनवर तिच्याकडचं उतरतं. मूल एकदा इकडे बघेल, एकदा तिकडे, आणि विचारेल, "मग हा झोपतो कधी?"