मोजणीत राहिलेला

यंदा आमच्या घरी पाळणा हलणार आहे. म्हणून बेगमपुऱ्यातल्या जुन्या घराचं काम काढलं. आम्ही नवरा-बायको नकाशा घेऊन बसलो. अम्मींची खोली, बाळाची खोली, ओट्याच्या जागी गच्चीचा जिना. सगळ्यांची सोय झाली. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "ओटा तोडल्यावर हा म्हातारा कुठं जाईल?"

म्हातारा म्हणजे शेरू. बारा वर्षं त्यानं त्या ओट्यावरून राखण केली. आता दिसत नाही, मागचे पाय लटपटतात. शेजारी म्हणाले, हर्सूलकडं सोडून या.

हनफी मतानं कुत्र्याची लाळ नापाक. राखणीसाठी पाळायची मात्र मुभा आहे. मग राखणीचं बळ सरलं, की आपली जबाबदारीही सरते का? तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाल्याची हदीस आम्हीच वर्गात शिकवतो.

सूरह कहफमधल्या तरुणांचा कुत्राही उंबरठ्याशीच पाय पसरून होता. ते तरुण तीन, पाच की सात, यावर लोकांत मतभेद होते. पण प्रत्येक मोजणीत शेवटी कुत्रा आहेच. आमच्या मोजणीतून तो सुटला होता. पाकीचे नियम अंतर राखायला सांगतात, जीव वाऱ्यावर सोडायला नव्हे.

अखेर निम्मा ओटा ठेवला, वर पत्रा टाकला. जिना अरुंद झाला, म्हणून अम्मी कुरकुरतात. पण रोज संध्याकाळी दुधात भाकरी कुस्करून त्याच ठेवतात आणि वुजू करून मगरिबला उभ्या राहतात.