शस्त्रपरवाना आणि नयविचार

एखादे विधान खोटे नसतानाही त्यावर विसंबणाऱ्याला चुकीच्या ज्ञानाकडे नेऊ शकते का, या प्रश्नाचा विचार जैन तार्किकांनी जितक्या बारकाईने केला तितका क्वचितच कोणी केला असेल. आणि बंदुकीचा परवाना, तिची खरेदी व तिचा वापर यांविषयी वृत्तपत्रांतून, वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरील संदेशांतून जे पसरते त्याची चिकित्सा करताना हाच विचार हाताशी घ्यावा लागतो, कारण या विषयातील निखळ थापा ओळखणे फारसे अवघड नसते, पण संदर्भ गळून पडलेली सत्ये मात्र सहज पचनी पडतात.

जैन मतानुसार प्रत्येक विधान द्रव्य म्हणजे ज्या वस्तूविषयी ते केले ती वस्तू, क्षेत्र म्हणजे स्थळ, काल, आणि भाव म्हणजे त्या वस्तूची अवस्था, अशा चार अपेक्षांनी बांधलेले असते. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांनी यातून एक नेमका भेद दाखवला: एका अंगाने पाहून वस्तू अशी आहे असे म्हणणे हा नय, आणि तेच अंग सर्वस्व मानून ती अशीच आहे असे ठासून सांगणे हा दुर्नय. मथळ्याचा ओढा स्वभावतःच दुर्नयाकडे असतो, कारण अपेक्षा सांगू लागले की मथळा लांबतो.

कालाची अपेक्षा सुटली की काय होते, याचे उदाहरण २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीत सापडते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत असत. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात ही मर्यादा एकावर आणण्याचा प्रस्ताव होता, त्यामुळे यापुढे एकच बंदूक ठेवता येईल ही बातमी त्या दिवशी विधेयकापुरती बरोबर होती. परंतु डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यात मर्यादा दोनाची ठरली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची झाली. जुनी बातमी कोणी मागे घेत नाही. ती तारखेविना फिरत राहते आणि तिच्यातला एकही शब्द न बदलता असत्य होते.

द्रव्य आणि क्षेत्र यांची गुंतागुंत ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अधिक दिसते. शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताच्या उभ्या पिकात रानडुकरे शिरतात, तेव्हा पीकरक्षणासाठी शेतकऱ्याला बंदूक मिळते हे वाक्य तिथल्या माणसाला दिलासा देणारे वाटले तर नवल नाही. ते निराधारही नाही, कारण खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भरण्याच्या बंदुकीचा, परवाना देण्याची तरतूद कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. मात्र तिच्यावरून पिस्तुलाचा हक्क सिद्ध होत नाही, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे, कारण ती परवानगी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, मुख्य वन्यजीव रक्षकाकडून किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडून, वेगळी घ्यावी लागते. शिवाय शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही, असे त्याच कायद्याचे चौतिसावे कलम सांगते. परवाना देणारा अधिकारीही एकाच जिल्ह्यात बदलतो: कल्याण हे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने तिथला अर्ज आयुक्तांकडे जातो, तर मुरबाडचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग ज्या अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून संविधानात आहे, तिथल्या चर्चेचे मराठी रूपांतर इथल्या वाचकाला कितपत लागू पडेल, हे निराळे सांगायला नको.

यावर असा आक्षेप घेता येईल की प्रत्येक विधान कोणत्या ना कोणत्या अपेक्षेने खरे ठरत असेल, तर बातमीदाराला दोष देण्याचा आधारच उरत नाही. हा आक्षेप नयविचाराला लागू होत नाही, कारण अपेक्षा मान्य करणे आणि ती ऐकणाऱ्यापासून झाकणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत. न्यायदर्शन इथे पूरक ठरते. त्या दर्शनाचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा वक्ता, तो, ज्याने विषय प्रत्यक्ष जाणला आहे आणि जसा जाणला तसाच तो सांगण्याची ज्याची इच्छा आहे. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. या कसोटीवर जिल्हाधिकारी कार्यालयातील परवान्यांची कागदपत्रे हाताळणारा, बोलण्यात अगदी रुक्ष असलेला कारकूनही आप्त ठरू शकतो, आणि वाहिनीवरचा ओघवता निवेदक ठरेलच असे नाही.

खरी अडचण पुढे आहे. शब्दातून चुकीचे ज्ञान झाले तर नैयायिक त्याचे मूळ वक्त्याच्या दोषात शोधतात. कायदा मात्र अज्ञान ही सबब मानत नाही, आणि विनापरवाना बंदूक बाळगणाऱ्याला २०१९ पासून किमान दोन व कमाल पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, मग त्याला ती कोणत्या बातमीने घ्यायला लावली असो. प्रत्येकाला कायदा ठाऊक आहे हे गृहीतक ज्या राज्यसंस्थेने धरले, तिनेच आप्ताची भूमिका घेणे तर्काला धरून होते. प्रत्यक्षात २०१६ चे शस्त्र नियम केंद्राच्या राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध झाले, आणि ते मराठीत समजावून सांगण्याचे काम बहुतांशी मथळे लिहिणाऱ्यांकडेच राहिले.