पाचवीचा निकाल कोणाचा?

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाविषयी पालकांच्या बोलण्यात गेली पंधरा वर्षे जो शब्द सतत येत राहिला तो ‘ढकलपास’ हा होय. मूल काही शिको वा न शिको, शाळा त्याला वरच्या वर्गात घालते, आणि दहावीच्या परीक्षेत त्याचे पितळ उघडे पडते, ही या शब्दातील तक्रार आहे आणि ती निराधार नाही. म्हणूनच पाचवी आणि आठवी या दोन इयत्तांना पुन्हा वार्षिक परीक्षा लागू झाली, आणि त्यांत अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली, तेव्हा वैजापूरसारख्या शेतीवर जगणाऱ्या तालुक्यातील पालकाला, आता एकदाची शिस्त आली, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कायद्याने नेमके काय केले, कोणती चाचणी कशासाठी घेतली जाते आणि तिच्या निकालावर काय ठरते, हे बहुतेक पालकांना कोणी समजावून सांगितलेले नसते. त्यामुळे शाळेला विचारायचे प्रश्न घरी मुलाला विचारले जातात, आणि तेही बहुधा रागाने.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या मूळ कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला एका वर्गात मागे ठेवता येत नव्हते किंवा शाळेतून काढून टाकता येत नव्हते. या कलमाची जोडीदार तरतूद कलम २९ मध्ये होती, जिने मुलाच्या शिकण्याचे मापन वर्षभर आणि सर्व अंगांनी करण्यास सांगितले होते. महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने हे ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ सुरू केले आणि त्याचे दोन भाग पाडले. शिकता शिकता होणारे मापन, म्हणजे दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय आणि छोट्या चाचण्या, याला ‘आकारिक मूल्यमापन’ म्हटले गेले, तर सत्राच्या शेवटी शिकलेल्या साऱ्याचे एकत्र मापन करणाऱ्या परीक्षेला ‘संकलित मूल्यमापन’ हे नाव मिळाले. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के भार दिला गेला, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४०. म्हणजे मूल जितके लहान तितके त्याला परीक्षेच्या कागदावर कमी आणि रोजच्या वावरात अधिक पाहावे, असा त्यामागील विचार होता.

हा विचार चांगला होता, पण प्रत्यक्षात त्याचे अर्धेच अंग अमलात आले. नापास न करणे सोपे होते, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. प्रत्येक मुलाचे अडलेले कुठे आहे हे पाहून त्याला तिथे हात देणे कठीण होते, कारण त्यासाठी शिक्षक, वेळ आणि तयारी लागत होती. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवह्या भरल्या गेल्या, प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आले, पण त्यांत वर्षानुवर्षे ‘अक्षरात सुधारणा करावी’, ‘अवांतर वाचन करावे’, ‘गणिताचा सराव करावा’ अशी तीच ती वाक्ये उतरत राहिली. तिसरीतील मुलाला मजकूर वाचता येतो की केवळ पाठ झालेला धडा म्हणता येतो, हे या वाक्यांतून कोणत्याच पालकाला कळत नव्हते. ढकलपासची खरी मुळे इथे आहेत. मूल वर गेले यापेक्षा ते वर जाताना त्याच्यासोबत त्याच्या अडचणीची नोंद गेली नाही, हे अधिक नुकसानीचे ठरले.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६ बदलले आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची तरतूद केली. अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही, हा निर्णय राज्यांवर सोपवला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलून मागे ठेवण्याचा पर्याय स्वीकारला आणि त्याच वर्षी डिसेंबरमधील शासन निर्णयाने परीक्षेची पद्धत ठरवून दिली. पाचवीला प्रत्येक विषयास ५० गुण, त्यांतील १० तोंडी वा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखी. आठवीला ६० गुण, त्यांतील ५० लेखी. आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के. येथवरचा भाग बहुतेक पालकांच्या कानावर गेलेला असतो. दुरुस्तीतील पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तोच पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याला शाळेने जादा अध्यापन द्यायचे आहे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची आहे. त्या पुनर्परीक्षेतही ते अनुत्तीर्ण झाले तरच त्याला त्या वर्गात ठेवता येते, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही कारणाने शाळेतून काढता येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नियमांत जी सुधारणा केली, तिच्यात तर वर्गशिक्षकाने अशा मुलाला आणि गरज पडल्यास त्याच्या पालकांनाही मार्गदर्शन करावे, आणि परीक्षा पाठांतरावर नव्हे तर क्षमतांवर आधारलेली असावी, असे म्हटले आहे. थोडक्यात, मागे ठेवण्याच्या अधिकारासोबत शिकवण्याची जबाबदारी बांधलेली आहे. जादा अध्यापन झालेच नाही, तर नापासाचा शेरा कायद्याच्या एका पायावर उभा राहतो.

पाचवी आणि आठवी याच इयत्ता का निवडल्या, याचे कागदावरचे उत्तर सरळ आहे. अधिनियमाच्या रचनेत पहिली ते पाचवी हा एक टप्पा आणि सहावी ते आठवी हा दुसरा. टप्पा संपला की परीक्षा. महाराष्ट्राची जुनी घडी मात्र वेगळी आहे. येथे खेड्यातील जिल्हा परिषदेची शाळा पुष्कळदा चौथीपर्यंत असते, मोठ्या गावातील सातवीपर्यंत, आणि संस्थांची माध्यमिक विद्यालये पाचवीपासून किंवा आठवीपासून मुले घेतात. काही शाळांना पाचवी आणि आठवीचे वर्ग जोडले गेले असले तरी जुनी घडी पुरती मोडलेली नाही. वैजापूर तालुक्यातील वाडी-वस्तीवरचे मूल चौथी झाल्यावर शिऊर, लोणी, महालगाव अशा मोठ्या गावांत किंवा थेट वैजापुरात जाते. त्याचे शिक्षक बदलतात, वर्गातील मुलांची संख्या बदलते, दहा मिनिटांच्या पायवाटेऐवजी एसटीची वेळ पाळावी लागते, आणि नेमक्या त्याच वर्षाच्या शेवटी त्याच्यापुढे आयुष्यातील पहिली उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची परीक्षा येते. सातवीनंतर शाळा बदलणाऱ्याच्या वाट्याला आठवीत पुन्हा तेच येते. कायद्याच्या लेखी जी टप्प्याच्या अखेरची परीक्षा आहे, ती अशा मुलासाठी नव्या घरातील पहिल्या वर्षाची परीक्षा ठरते. ज्या शाळेने चार वर्षे पाया घातला तिच्या नावावर निकाल लागत नाही, आणि जिच्या नावावर लागतो तिने मुलाला जेमतेम दहा महिने पाहिलेले असते. पाया कच्चा होता असे नवी शाळा म्हणणार, आमच्याकडे चांगले वाचत होते असे जुनी शाळा म्हणणार, आणि दोघींच्या मध्ये दहा-अकरा वर्षांचे मूल एकटे नापास होणार. ही रचनेतील चूक आहे, आणि निकालपत्रकात तिला रकाना नाही.

यातून पालकांसाठी एक व्यवहारी गोष्ट निघते. चौथी संपताना दाखल्यासोबत मुलाचे प्रगतिपुस्तक आणि त्याला काय येते व काय येत नाही याची जुन्या शिक्षकांची स्पष्ट नोंद मागून घ्यावी आणि ती जूनमध्येच नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यावी. पाचवीचा निकाल बऱ्याच अंशी या एका कागदाने ठरू शकतो.

दुसरा गोंधळ चाचण्यांच्या गर्दीचा आहे. प्रमाणित चाचणी म्हणजे सर्व मुलांना एकाच प्रकारचे प्रश्न, सारख्याच अटींत आणि सारख्याच गुणदान पद्धतीने दिलेली चाचणी, जेणेकरून एका गावातील गुण दुसऱ्या गावातील गुणांशी ताडून पाहता येतील. पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ मध्ये तिसरी ते आठवीसाठी भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या ज्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या घेतल्या, वर्षारंभीची पायाभूत आणि नंतरच्या संकलित, त्या या जातीच्या आहेत. पायाभूत चाचणी मागील इयत्तांचे किती टिकले आहे हे पाहते, म्हणून तिच्यात कमी गुण मिळाले याचा अर्थ मूल यंदा मागे पडले असा होत नाही. यंदा कुठून सुरुवात करायची, एवढाच तिचा अर्थ. तिच्या गुणांवर वरचा वर्ग अडत नाही. याउलट पाचवी-आठवीच्या ज्या वार्षिक परीक्षेवर वर्ग अडू शकतो, तिचा आराखडा राज्याने दिला तरी प्रश्नपत्रिका शाळेच्या पातळीवर निघतात, म्हणून एका शाळेतील ३५ टक्के आणि शेजारच्या शाळेतील ३५ टक्के एकच असतील याची खात्री देता येत नाही. जी चाचणी सर्वत्र सारखी ती वर्ग ठरवत नाही आणि जी वर्ग ठरवते ती सर्वत्र सारखी नाही, हे पालकाला एकदा कळले की गुणांच्या आकड्याकडे तो निराळ्या नजरेने पाहू लागतो.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी व नववीसाठी झालेले ‘परख’ सर्वेक्षण यांचा एकेका मुलाशी संबंधच नाही. निवडक शाळांतील निवडक मुलांच्या उत्तरांवरून जिल्ह्याचे आणि राज्याचे चित्र काढणे, एवढेच त्यांचे काम. शिष्यवृत्ती परीक्षा आणि सहावीच्या प्रवेशासाठीची नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा यांचा उद्देश आणखी वेगळा आहे. त्या मुलांना एकमेकांच्या तुलनेत क्रम लावतात, म्हणून त्यांना तुलनाधिष्ठित परीक्षा म्हणता येईल. ठरलेल्या पातळीपर्यंत मूल पोहोचले की नाही एवढेच पाहणारी वर्गाची परीक्षा निकषाधिष्ठित होय. तुलनाधिष्ठित परीक्षेत बहुसंख्य मुलांची निवड न होणे हे तिच्या स्वभावातच असते. नवोदयला नंबर लागला नाही म्हणून मूल अभ्यासात कच्चे, असे घरात बोलले जाते तेव्हा दोन वेगळ्या मापांची सरमिसळ झालेली असते, आणि ती मुलाच्या मनात फार काळ राहते.

गुणांपेक्षा उत्तरपत्रिका अधिक बोलते, आणि ती पाहण्यासाठी पालक फार शिकलेला असण्याची गरज नसते. ६३ मधून २८ वजा करा, या उदाहरणाचे उत्तर एखाद्या मुलाने ४५ लिहिले असेल, तर गुणपत्रकावर तिथे शून्य पडते. परंतु कागद नीट पाहिला तर दिसते की मुलाने ८ मधून ३ काढले, ६ मधून २ काढले, आणि दोन्ही वेळा अगदी बरोबर वजाबाकी केली. त्याला वजाबाकी येते. वरच्या ३ मधून ८ जात नाहीत म्हणून एक दशक सुटा करून १३ करायचे आणि मग ८ काढून ५ उरवायचे, ही एकच पायरी त्याच्या हातून निसटली आहे. अशी दहा उदाहरणे दिली तर ते दहाही चुकवेल आणि त्याला गणितात भोपळा मिळेल. हीच पायरी दांड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून दाखवली तर पुष्कळदा चार-दोन दिवसांत दहाही बरोबर येतील. हे मूल तिसरीत असताना कोणी पाहिले असते, तर पाचवीतील भागाकारापर्यंत ही चूक पोहोचलीच नसती. पालकसभेत ‘किती गुण पडले’ याऐवजी ‘पेपर दाखवा आणि कुठे अडते ते सांगा’ असे म्हणण्याचा पालकाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न हवासाच वाटतो.

या साऱ्यावर शेतीच्या वेळापत्रकाचे दडपण आहे. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे येते तेव्हा कपाशीची वेचणी भरात असते. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते, आणि दोन्ही कामांत घरातील लहान हात धरले जातात. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे तर दिवाळीनंतरचे जवळजवळ सगळे सत्र फडावर जाते. १ मेला निकाल हाती पडतो, शाळेला सुट्टी लागते, आणि कायद्यातील जादा अध्यापन नेमके त्या कडक उन्हाळ्यात बसवायचे असते, जेव्हा शाळेचे कुलूप निघत नाही. येथे शाळा व्यवस्थापन समितीचे काम येते. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे अधिनियम सांगतो. मे महिन्यात कोण, कुठे, किती तास शिकवणार, हे एप्रिलच्या बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घेणे तिला सहज शक्य आहे.

नापास केल्याने मूल सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर इतरत्र शोधले गेले आहे. अमेरिकेतील शिकागो शहराने १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीला प्रमाणित चाचणीवर वर्गोन्नती ठरवली. पुढील अभ्यासांत दिसले की तिसरीत मागे ठेवलेल्या मुलांना टिकाऊ लाभ झाला नाही आणि आठवीत मागे ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. निकालाचा भार उलट बाजूने, म्हणजे शाळेवर, टाकण्याचा प्रयोगही जुना आहे: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात दिपोटीने, म्हणजे सरकारी शाळा-तपासनिसाने, घेतलेल्या परीक्षेच्या निकालावर शाळांचे अनुदान ठरत असे, आणि त्यातून घोकंपट्टी वाढली.

आठवीचा प्रश्न पाचवीहून अधिक गंभीर आहे, कारण आठवीतील मूल साधारण चौदा वर्षांचे असते. शिक्षण हक्क अधिनियमाचे वय सहा ते चौदा. बालमजुरीविरोधी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या कामासारखे काही अपवाद सोडता, कामावर ठेवण्यास मनाई करते, आणि चौदा ते अठरा वयोगटाला फक्त धोकादायक कामांपासून दूर ठेवते. म्हणजे ज्या महिन्यात मुलाच्या हाती अनुत्तीर्णाचा निकाल पडतो, त्याच सुमारास शाळेची सक्ती संपते आणि कामाची दारे उघडतात. मुलीच्या बाबतीत एक वर्ष पुन्हा त्याच वर्गात, आणि तोही एसटीने जायच्या गावात, या कारणावरून शाळा सुटते आणि लग्नाचा विषय निघतो. अशा घरात मे महिन्यात कोणी शिक्षक येऊन, पुनर्परीक्षा अमुक तारखेला आहे, तोवर रोज सकाळी दोन तास हिला पाठवा, असे सांगतो की नाही, यावर ती मुलगी नववीत दिसेल की नाही हे ठरते.